खुर्चीला निरोप

नोएडा, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळ

आज पुन्हा काउन्सेलर बाईंकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, "समझिए, आपके पति यहाँ बैठे हैं. उन्हें विदा कीजिए."

मला रागच आला. संजय दिल्लीत वाढलेला, घरातून निघताना सरळ 'जातो' म्हणायचा. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे मीच मागे लागून शिकवलं. अपघात झाला त्या सकाळी स्कूटरला किक मारताना मी न सांगताच म्हणाला, "येतो गं." मग मी त्याला 'जा' कसं म्हणू? हे सगळं बाईंना माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो आज मत कहिए." तेवढ्यानेही किती बरं वाटलं.

निघताना चप्पल घातली आणि मागे वळून त्या खुर्चीला म्हणाले, "येते." सवयीने? की खरंच त्याच्याकडे निघाले होते?

बाई उठल्या. हात धरून मला परत बसवलं. "अकेले नहीं जाना है. घर से किसे बुलाऊँ?"

मी दादाचा नंबर दिला. तो येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.