बदललेल्या बंदुकांची व्यवस्था

मी, डॉ. प्रमोदिनी मोहन शेवडे, वय एकाहत्तर, निवृत्त भूलतज्ज्ञ, राहणार कार्डिफ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. इतर लोक हे वाक्य रिवाज म्हणून लिहितात. मी ते आज सकाळी डॉ. अनुया कर्णिक यांच्याकडून तपासून घेऊन, त्यांचा दाखला सोबत जोडून लिहीत आहे. मला विसरण्याचा आजार आहे, आणि उद्याची खात्री नाही. सॉलिसिटरने केलेल्या इंग्रजी मृत्युपत्रातल्या वाटण्या याच आहेत. पण इंग्रजी शब्द माझ्या हातून आधी निसटू लागले आहेत, म्हणून मनातले मराठीत.

राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझे पती मोहन यांना द्यावा, आणि त्यांच्यानंतर आमची मुलगी मंजिरी हिला. बँकेतली सर्व शिल्लक मंजिरीला. तिने रीडिंग शहरातली नोकरी सोडून इथे येऊ नये. मी बोलावले तरी येऊ नये, वडिलांनी बोलावले तर मात्र त्याच दिवशी निघावे.

मोत्याच्या कुड्या माझ्या नणंदेला, मेडनहेडच्या स्वातीवन्सना. फार वर्षांपूर्वी त्या भरल्या पंगतीत म्हणाल्या होत्या, "वहिनी, बाईमाणसाच्या घरात बंदुका कशाला? एक दिवस दादाच्या जिवावर उठाल." मी पुढे दोन दिवाळ्या त्यांच्याकडे गेले नाही. त्यांचेच खरे होण्याची वेळ आली होती, हे त्यांना कधीही कळू नये.

आता बंदुका. फौजेने एका काळासाठी बनवलेल्या आणि पुढे बदलून पुन्हा कामाला लावलेल्या जुन्या बंदुका मी तीस वर्षे जमवल्या. त्यातली स्नायडर मला सर्वांत प्रिय. ती मुळात ठासणीची. नंतर तिचा मागचा भाग कापून बिजागरीचे झाकण बसवले आणि ती काडतुसे घेऊ लागली. दुसरी बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली. लष्करी रायफलची नळी आतून गुळगुळीत करून, छर्ऱ्यांच्या एकेका काडतुसावर चालेल अशी करून ती पहारेकऱ्यांना दिली जाई. माझे वडील तुरुंगाचे डॉक्टर होते. आमच्या फाटकावरच्या शिपायाच्या खांद्याला तशीच असे. संग्रहात चालती अशी ती एकटीच. तिचा परवाना माझ्या नावावर होता आणि मी ती नेमबाजीच्या क्लबमध्ये चालवत असे.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मोहन दुकानातून परत आले, तेव्हा मी ती घेऊन हॉलमध्ये उभी होते. यातले मला काहीही आठवत नाही. त्यांनी सांगितले तसे लिहिते.

मी म्हणाले, "कोण तुम्ही? तिथेच थांबा."

जन्मभर मी त्यांना 'तुम्ही' म्हणत आले, त्यामुळे मी परक्याशी बोलते आहे हे त्यांना आधी कळलेच नाही. ते हसले आणि पुढे आले. मी बंदूक खांद्याला लावली.

"अगं, मी मोहन. ब्रेड आणलाय."

"मोहन हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांची ड्युटी आहे."

"बरं," ते म्हणाले. "मग ते येईपर्यंत मी जिन्यावर बसतो. बसू का?"

ते बसले. नळी त्यांच्यावरच होती. बऱ्याच वेळाने मी विचारले, "चहा घेणार?" आणि बंदूक भिंतीला टेकवून किचनमध्ये गेले. ज्या माणसाने इतक्या वर्षांत माझ्या एकाही बंदुकीला हात लावला नव्हता, त्याने तिचा बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, मागे ओढला. आतून काडतूस पडले.

त्यांनी कोणालाही सांगितले नाही. दोन दिवसांनी वॉशिंग मशीनमध्ये टाकताना त्यांच्या पँटच्या खिशात ते मला सापडले. मी विचारले, तेव्हा ते पलंगावर बसून रडले. मग म्हणाले, "सगळ्या देऊन टाक. स्नायडर तरी राहू दे, तिची काडतुसं आता कुठे मिळतात?"

"मला ते आठवेल का?" मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी हातात सुरी असली तर?"



त्याच आठवड्यात मी क्लबमधले स्नेही गॅरेथ पार्री यांना बोलावले. ते परवानाधारक व्यापारी आहेत. सर्व बंदुका ते व्हॅनमधून घेऊन गेले आणि मी परवाना पोलिसांकडे परत केला. त्यांच्याकडे ठेवलेल्या बंदुकांपैकी स्नायडर त्यांनी स्वतःकडे ठेवावी, बाकीच्या विकून रक्कम मंजिरीला द्यावी. ईशापूरची मात्र कोणालाही न विकता कापून नष्ट करावी.

मंजिरी, मी तुला "कोण तू?" म्हटले तर वाद घालू नकोस. नाव सांग आणि खाली बस. बाबा माझ्या खोलीत झोपायचा हट्ट धरतील. त्यांना झोपू देऊ नकोस. मी आजही त्यांना दुसऱ्या खोलीत झोपून आतून कडी लावायला सांगते, आणि ते लावत नाहीत.

शेवटचे कलम सर्वांसाठी. परवा मी रिकामे कपाट पाहून मोहनवर ओरडले की तुम्ही माझ्या बंदुका चोरून विकल्या. त्यांनी मान खाली घालून "हो" म्हटले. हे पुन्हा होईल. मी पोलिसांना फोन करीन, शेजारी ऐकतील, कदाचित मंजिरीही क्षणभर विश्वास ठेवील. म्हणून शुद्धीवर असताना लिहून ठेवते: माझ्या नवऱ्याने माझे काहीही घेतलेले नाही. यापुढे मी याउलट जे बोलेन, ते माझे म्हणून धरू नये.

वरील मजकूर वाचला, पटला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

प्रमोदिनी मोहन शेवडे

आमच्या समक्ष सही झाली. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळत नाही:
डॉ. अनुया कर्णिक, कार्डिफ
पद्माकर रेगे, शेजारी, कार्डिफ

कार्डिफ, १४ नोव्हेंबर २००७