अकरा नंबरचा नमुना

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर.

आज दिवसभर नीलेशवरचा संशय काही जाईना. औषधं चालू असली तरी एचआयव्ही शरीरातल्या लसिका गाठींमध्ये दडून राहतो. तो तिथे किती वर्षं टिकेल, याचं गणित आम्ही दोघं मांडतोय. नीलेशने काढलेली विषाणू घटण्याची रेषा इतकी सरळ खाली उतरते, की मला आधीच खटकलं होतं. रुग्णांच्या गाठींचे नमुने मोजकेच. आज मूळ यादी पाहिली, तर त्यातला अकरा नंबर आमच्या हिशेबात नाहीच.

"अकरा कुठे गेला रे?"

"काढला ना. विचित्र होता." स्क्रीनवरून नजरही हलवली नाही त्याने. का?

लॅबमध्ये नमुन्यांतला विषाणू मोजणाऱ्या फिलोमिनाताईंना फोन केला. "विचित्र कसला? नमुना चांगला होता. मी स्वतः दोनदा मोजला."

म्हणजे हा खोटं बोलला? घरी येऊन अकरा नंबर परत घातला, तर रेषा जवळजवळ आडवी झाली. अकरा नंबरचा नमुना ज्या बाईचा, तिच्या गाठीतला विषाणू कमी होतच नाहीये. आणि आम्ही शोधनिबंधात लिहिणार होतो, की काही वर्षांत संपेल. ते वाचून कुणी गोळ्या सोडल्या तर?

आमच्या मार्गदर्शक सरांना दाखवायला पुरावा हवा म्हणून जुने मेल उघडले. एक सापडला. "अकरा विचित्र दिसतोय, काढून टाक." खाली नाव माझं.

मला आठवतसुद्धा नव्हतं. नीलेशला फोन करून सगळं सांगितलं.

"तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, माझी परीक्षा घेतेयस," तो म्हणाला.

"अकरा परत घालूया."

"मग पेपरची वाट लागली."

"लागू दे."

तो म्हणाला, "उद्या लवकर ये."