ट्रॅक्टर थांबला होता

खापा, गुरुवार

प्रिय जितेंद्र,

फोनवर मला हे बोलता येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. गावात बाकी चाललंच आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. कन्हानचं पात्र रेतीवाल्यांनी पार खरवडून टाकलं. आपण पोहायला शिकलो तिथे आता नुसते खड्डे. तुझ्या आईचे, शामलाकाकूंचे गुडघे दुखतात, तरी परवा माझ्यासाठी डब्यात झुणका पाठवला. माझी आई गेल्यावर दोन वर्षं मी तुमच्याच घरी जेवलो. मला पोरका म्हणून त्यांनी कधी वेगळं वाढलं नाही.

अंगणवाडीतल्या सिंधूताई गेल्या, ते तुला कळलं असेल. दुपारनंतर माझ्या दुकानासमोर वालाच्या शेंगा घेऊन बसायच्या. ट्रॅक्टर तुझ्या धाकट्या भावाचा, आपल्या ऋषीचा होता, हेही कळलं असेल. गाव म्हणतं, त्या स्वतःच चाकाखाली आल्या. पोलिसांना मीही सांगितलं, शिलाई मशीनवर मान खाली होती, आवाज आल्यावर बाहेर आलो, तेव्हा सगळं संपलं होतं.

सोमवारी त्यांची मुलगी करिष्मा दुकानात आली. आईने शिवायला टाकलेलं ब्लाउज न्यायला. ते हातात घेऊन उभीच राहिली. मग म्हणाली, "काका, तुमी तं इथंच होते न? माह्या मायले लय तरास झाला काय?" मी म्हणालो, नाही गं, लगेच गेली. पोरीने मला वाकून नमस्कार केला. त्यानंतर मला दुकानात बसवेना.

लगेच गेल्या नव्हत्या, जितू. ऋषी फोनवर बोलत बोलत वळला. धक्का बसल्यावर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. त्या त्याचं नाव घेऊन पाणी मागत होत्या. लहानपणी त्यांच्याच हातची खिचडी खाल्लेला हा पोरगा. रस्ता रिकामा होता. त्याने मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चढून निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मीही उंबऱ्यातच उभा होतो. नंतर पाणी नेलं. दोन घोट घेतले त्यांनी.

आज सकाळी ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून दिलं, माझं आधीचं खोटंही. दुपारी ऋषीला घेऊन गेले. मी काकूंकडे गेलो, तर म्हणाल्या, "काहून केलं गा वसंता? त्याले तं तू खांद्यावर खेळवलं." आणि दार लावताना बजावलं, "जितूले सांगू नोको, त्याच्या जिवाले घोर लागन." हे एवढं त्यांचं मी ऐकणार नाही. त्या घरात एकट्या आहेत, दुपारपासून चूल पेटलेली नाही, आणि मला आता त्या दारात उभं करणार नाहीत. या कागदांचे फोटो काढून पाठवतो आहे. मिळेल त्या गाडीने ये. मला भेटावंसं वाटलं नाही तर भेटू नको, पण ये.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
वसंत