आवाज खाली जाईल

पिंप्राळा, जळगाव
१४ जुलै २०२४

ती. अक्कांच्या चरणी हेमलताचा शि. सा. न. वि. वि.

तुमची तक्रार पोचली. फोनवर मी कुजबुजते, निम्मं कळत नाही, त्यापेक्षा तिला पत्र लिहायला सांग, असं तुम्ही तुमच्या भावाला सांगितलंत. काय करू अक्का? आम्ही वरच्या मजल्यावर, खाली घरमालक जीवरामनाना आणि नानी. खोल्या दाखवताना दलाल तोतारामने बजावलं होतं की नानांना आवाज अजिबात चालत नाही, आधीच्या भाडेकरूंना त्यापायीच काढलं, तुमची पोरं लहान आहेत तेव्हा आधीच विचार करा. भाडं मात्र बाजारापेक्षा दोन हजारांनी कमी. आम्ही माना डोलावल्या. वर्षभराचा तर प्रश्न, तोवर स्वतःचा फ्लॅट होईल. त्या वर्षाला आता दीड वर्ष झालं.

तेव्हापासून फरशीवर दुहेरी सतरंजी आहे, पोरांच्या पायांत मोजे आहेत, स्टीलची ताटं माळ्यावर गेली आणि आम्ही प्लॅस्टिकच्या थाळ्यांत जेवतो. इशान रांगायला लागला तेव्हापासून एकच वाक्य ऐकतोय, आवाज खाली जाईल. मेघाला मी पोलीस नेमलंय. दिवसभर इशूला गप्प ठेवलं की संध्याकाळी तिला एक चॉकलेट. पोर पहिलीत आहे, पण नोकरी चोख करते. चॉकलेटचे चमकीचे कागदसुद्धा कंपासपेटीत जपून ठेवते.

रविवारी घरं बघत फिरतो. तुमचे भाऊ खोली पावलांनी मोजतात, आणि बिल्डरच्या माणसाची पाठ वळली की पुन्हा मोजतात. एका ठिकाणी स्वयंपाकघर एवढंसं की ओटा आणि मी, दोघींपैकी एकीनेच राहावं. दुसरीकडे ऐसपैस, पण पाण्याचं विचारलं की तो माणूस गच्चीवरून दिसणारा देखावा दाखवायचा. घरखर्च आवळलाय. पेपर बंद केला. मेघाच्या वाढदिवसाला हॉटेल नाही, शेवभाजी घरीच केली, आणि खरं सांगू, चांगली झाली होती.

विचारायचं होतं ते शेवटी राहिलं. इशान जूनमध्ये दोन वर्षांचा झाला. आई, बाबा, मंमं, एवढंच बोलतो. काही हवं असलं की बोट धरून नेतो. अंगणवाडीत तीस वर्षं तुमच्या हाताखालून पोरं गेली. याला कुठे दाखवायला हवं का? तपासण्यांना खर्च बराच येतो म्हणतात आणि या महिन्यात तर हात अगदीच आखडलाय. तुम्ही म्हणाल तसं करीन.

आमच्यावरचा लोभ आहे त्याहून वाढता ठेवावा.

आपली
हेमलता


सोनगीर, जि. धुळे
२९ जुलै २०२४

चि. सौ. हेमलतास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसले. पावलांनी मोजायची खोड आमच्या आबांची. भडगावला जिनिंगमध्ये होते, कापसाची गंजी पावलांनी मोजायचे आणि दरवेळी वेगळीच भरायची. प्रेमराजला म्हणावं, टेप घे. वीस रुपयांत मिळतो.

इशूची काळजी सोड. पोरगे उशिराच बोलतात. तुझा नवरा अडीच वर्षांचा होईपर्यंत माझा परकर ओढून बठ्ठी, अगदी सगळी कामं करून घ्यायचा, आणि आता एकदा सुरू झाला की थांबवावा लागतो. उलट तुझं मला कौतुकच वाटतं. आमच्या गल्लीतली पोरं घर डोक्यावर घेतात, तुझी कशी शहाण्यासारखी बसतात. घाईने दवाखाने करत बसू नकोस. चार पैसे आहेत ते फ्लॅटकडे लाव.

का म्हणते ते तुला ठाऊक नाही, प्रेमराज तेव्हा लहान होता. आमची आई भाड्याच्या खोलीत वारली. दहावा व्हायच्या आत मालक दारात येऊन विचारून गेला, खोली कधी सोडता. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. माझ्या भावाच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लागलेली मला बघायची आहे. मानधनातून मागे टाकलेले साठ हजार आहेत, ते बुकिंगच्या दिवशी तुमचे. इथल्या तांबटाकडे गृहप्रवेशासाठी पितळी हंडाही सांगून ठेवलाय. त्यावर तुम्हा चौघांची नावं घालायची आहेत.

मेघाच्या दातांकडे बघ. पोलिसाला रोज लाच बरी नव्हे.

मायेत खंड नाही, पत्रात पडू देऊ नकोस.

तुझी
अक्का


पिंप्राळा, जळगाव
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांना शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुमच्याकडे येऊन गेल्यानंतर आज लिहितेय. फ्लॅट ठरला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दोघी मावतील असं. टेपने मोजला. बुकिंग एक मार्चला. हे आनंदाने लिहायचं होतं.

जूनपासून इशूला बालवाडीत घालावं म्हणून चौकशीला नेलं होतं. तिथल्या बाईंनी त्याला नाव विचारलं, चेंडू दाखवला, भूभू कसा करतो विचारलं. त्याने माझ्या साडीत तोंड लपवलं. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि आधी कान तपासून या म्हणाल्या.

तपासले. कान उत्तम आहेत. अक्का, मी देवाला म्हणत होते, कानातच काही निघू दे. म्हणजे निदान ते आमच्या हातचं नसतं. आई असून मी असं मागितलं.

कानात नळी घालताना तो रडला. तोंड उघडलं, डोळ्यांतून पाणी, पण आवाज नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा नेहमी असाच रडतो का. मी हो म्हणाले. मग त्यांनी दिवस कसा जातो, घरात कोण बोलतं, कोण गाणी म्हणतं, असं सगळं विचारलं, आणि मी मोजे, सतरंजी, थाळ्या, चॉकलेट, सगळं सांगत गेले. सांगताना माझं मलाच पहिल्यांदा ऐकू आलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकाच कारणाने असं होतंच असं नाही, काही मुलं उशिरा बोलतात, पण याला बोलायला जागाच राहिलेली नाही. आठवड्यातून दोनदा यायचं, निदान वर्षभर. आणि घरी बोलायचं, गायचं, त्याला ओरडू द्यायचं. सहा महिने आधी आला असता तर बरं झालं असतं, असंही म्हणाल्या. सात महिन्यांपूर्वी मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. तुम्हाला दोष देत नाही. विचारणारी मी, ऐकणारीही मीच. मला तेच ऐकायचं होतं.

हे बाहेर येऊन गाडीवर बसले आणि किल्लीच लावेनात. मग म्हणाले, महिन्याला दोन हजार वाचवले आपण. 

फ्लॅटचा हप्ता आणि हे, दोन्ही जमत नाही. काय करावं सांगा.

आपली
हेमलता

(आज लोभाचं मागायला तोंड नाही.)


सोनगीर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमलतास आशीर्वाद.

तू मला दोष देत नाहीस असं लिहिलंस. दे. तो माझाच आहे.

भाऊबीजेला इशू आमच्या ओट्यावरून पडला, आठवतं? तू आत अनारसे तळत होतीस. मी धावले. गुडघा फुटला होता आणि पोर तोंड उघडून मुक्याने रडत होतं. मी त्याला उचललं, हळद लावली, आणि तुला सांगितलं की किती सोशीक आहे गं. हेमलता, मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता आहे, कितव्या महिन्याला पोराने काय बोलावं त्याचा. मीच तो टांगलाय. आमच्या गल्लीतल्या नथ्थूची पोर दोन वर्षांची होऊन बोलेना, तेव्हा मी त्याच्या घरी जाऊन भांडले होते, आणि धुळ्याला तपासायला पाठवून मगच घरी आले. आज ती पोर माझ्याशी हुज्जत घालते. लोकाच्या पोरासाठी भांडणारी मी, आपल्या पोराच्या वेळेला गप्प बसले. का, तर बोलले असते तर फ्लॅट लांबला असता. दारावरची पाटी मला भाच्यापेक्षा मोठी झाली. तीस वर्षं केलेल्या कामाची मला लाज वाटते.

आता ऐक. बुकिंग करू नका. साठ हजार उद्या प्रेमराजच्या खात्यावर येतील, ते इशूच्या उपचाराचे. नाही म्हणायचं नाही. आणि खाली जाऊन नानांना सरळ सांग की आजपासून आमच्या पोरांचा आवाज होईल, चालत नसेल तर खोली सोडतो. एवढं मोठं घर शोधत फिरलीस, पण एक जिना उतरली नाहीस.

नथ्थू पुढल्या आठवड्यात एस.टी.ने जळगावला येतोय. त्याच्याबरोबर हंडा पाठवते. गृहप्रवेश होईल तेव्हा होईल. तोवर इशूला वाजवू दे. हातात लाकडी पळी दे, सतरंजी गुंडाळ.

मी चुकले आहे. तरी माया तोडू नकोस.

अक्का


पिंप्राळा, जळगाव
९ मार्च २०२५

ती. अक्कांना शि. सा. न. वि. वि.

पैसे पोचले, हंडाही पोचला. नथ्थूभाऊंनी चहा घेतला आणि हंड्याला कुठे पोचा पडला नाही ना, ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. बुकिंग सोडलं. यांनी फोन करून सांगितलं आणि दुपारभर नुसते झोपून राहिले.

खाली गेले होते. बोलायचं ते पाठ करून गेले होते. नाना पेपर वाचत होते, नानी मेथी निवडत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. नानांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, पोरांच्या आवाजाचं कोण बोललं? आधी वर कॉलेजची चार मुलं होती, स्पीकर लावून नाचायची, तेवढं नको असं तोतारामला सांगितलं होतं. पोरं तर हवीच होती, आमचा मुलगा सुरतेला, नातू वर्षातून चार दिवस येतो.

मग नानी बोलल्या. त्या अमळनेरकडच्या, अस्सल अहिराणी. म्हणाल्या, आम्हले वाटनं पोऱ्या मुका शे. म्हनीसन कधी इचारं नही, तुले वाईट वाटी.

अक्का, दोन वर्षं ती माणसं खाली बसून माझ्या पोराबद्दल हळहळत होती आणि मला दुखवायचं नाही म्हणून गप्प होती. आणि मी त्यांना त्रास नको म्हणून पोराला गप्प करत होते. तोतारामवर राग काढता येईल, हे काढतातही. पण त्याने एकदा सांगितलं. मी रोज सांगितलं. दोन वर्षांत कधी खाली जाऊन एका शब्दाने विचारलं नाही, कारण विचारलं आणि भाडं वाढलं तर, ही भीती. तुम्ही जिन्याचं लिहिलंत ते बरोबर आहे. सोळा पायऱ्या आहेत.

इशू आता रोज दुपारी नानींकडे असतो. त्या त्याच्याशी अखंड बोलतात. तो ऐकतो. अजून ऐकतोच.

मेघाचं सांगायचं नव्हतं, पण लपवून आधीच बरंच झालंय. तिने आमचं बोलणं ऐकलं असावं. काल संध्याकाळी कंपासपेटी घेऊन आली आणि माझ्यासमोर उपडी केली. चमकीचे सगळे कागद. बोटाने सपाट करून, रंगारंगाने लावलेले. म्हणाली, आई, हे सगळे दुकानात परत दे, मग इशू बोलेल ना? मी तिला जवळ घेतलं. तिच्यावर हे मी टाकलं. सहा वर्षांच्या पोरीवर.

लोभ तोडण्याची भाषा तुम्ही करू नये. तोडायचाच झाला तर आधी माझा नंबर लागेल.

आपली
हेमलता


पिंप्राळा, जळगाव
४ मे २०२५

ती. अक्कांना शि. सा. न. वि. वि.

आखाजीच्या सणाला माहेरी गेले नाही. उपचाराचा दिवस चुकवायचा नव्हता. नानींनी मला खालीच पुरणपोळी आणि आमरस जेवू घातला. घरं बघणं बंद आहे. यांनी टेप खुंटीला टांगून ठेवलाय.

काल सकाळची गोष्ट. सतरंजी केव्हाच काढली आहे, मोजेही. मी पोळ्या करत होते, मेघा पाढे म्हणत होती. इशू पळी घेऊन हंड्याजवळ बसला. आधी एकदा हळूच वाजवला आणि माझ्याकडे बघितलं. मी हसले. पुन्हा वाजवला. मग जोरात, आणखी जोरात, आणि मान वर करून एकदम ओरडला. शब्द नव्हता अक्का, नुसता आवाज. छातीतून आलेला, मोठ्ठा. तीन वर्षांत मी माझ्या मुलाचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

आणि माझं बोट ओठांवर गेलं.

मी नेलं नाही, ते गेलं. पीठ लागलेलं बोट. इशूने ते पाहिलं आणि तो थांबला. पळी खाली ठेवली, आवाज होणार नाही अशी, आणि स्वतःचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मला वाटलं, संपलं, जे दोन महिन्यांत जोडलं ते मी एका क्षणात मोडलं. हे हात मला नकोसे झाले.

तेवढ्यात मेघा पाढे सोडून उठली. माझा तो हात तिने दोन्ही हातांनी ओढून खाली घेतला आणि तसाच घट्ट धरून ठेवला. मग भावाकडे वळून ओरडली, इतक्या मोठ्याने की खाली नानींनी मान वर केली असेल. वाजव इशू, मी धरलंय आईला.

त्याने बराच वेळ वाट पाहिली. माझा हात सुटत नाही अशी खात्री करून घेतली. मग पळी उचलली.

अक्का, मेघाने हात सोडला नाही. तव्यावरची पोळी करपली तरी नाही.

आता पत्राची वाट बघू नका. रविवारी मीच फोन करीन आणि मोठ्याने बोलीन. नंतर फोन इशूजवळ ठेवीन. अजून त्याला तुमचं नाव घेता येत नाही. पण तो ओरडला तर तुम्ही कानापासून फोन दूर नेऊ नका.

तुमचीच
हेमलता