पळत्या चित्राची मीमांसा

नाशिक, ता. ९ जून १९८७

तीर्थस्वरूप सौ. आक्का हिला गंगाधरचा साष्टांग नमस्कार (मागच्या दोन पत्रांत घालायचे राहिलेले नमस्कारही यातच धरावेत).

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचं कोल्ड स्टोरेज नीट चालू आहे ना, की पिंपळगावची वीज अजूनही तोंड दाखवून निघून जाते? आम्ही इकडे मजेत. कुसुमचं कैरीचं लोणचं घालून झालं, बरण्यांची तोंडं बांधली, आणि मला त्यांच्या आसपास फिरकायला बंदी झाली. मालिनी तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं दाजींनी शेजारच्या डॉक्टरांकडे फोन करून कळवलं, ते समजलं. तिला हवे तितके दिवस ठेवून घे. माझं तिच्यावाचून काही अडलेलं नाही. ती माझ्याशी बोलत नाही हे तुला दिसलंच असेल. कारणही तिने सांगितलं असेल, आणि ते खरंच असणार. पण पोरगी मितभाषी, दोन वाक्यांत आटोपलं असेल. माझा मूर्खपणा दोन वाक्यांत मावण्यातला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एप्रिलमध्ये कॉलेजने मला तीन आठवडे पुण्याला उजळणी वर्गाला पाठवलं. विषय, माध्यमांचा सिद्धान्त. खरं म्हणजे इतिहासवाल्या सरांना जायचं होतं, पण त्यांच्या घरी ऐन वेळी बारसं निघालं, आणि बावीस वर्षं मराठी व्याकरण शिकवणारा मी त्यांच्या जागी जाऊन बसलो. तिथे कळलं की जगात कुठलीच गोष्ट साधी नसते, प्रत्येक गोष्ट चिन्ह असते. कॅमेरा ही नजर असते, नजर ही सत्ता असते, आणि चित्रात जे आहे त्यापेक्षा जे नाही ते महत्त्वाचं असतं. हे शेवटचं मला फार पटलं (चित्रात जे असतं ते मला चष्म्यातूनही धड दिसत नाही). मी परत आलो तो भारावूनच. कुसुमला म्हटलं, कुकरची शिट्टी हा एक संकेत आहे. ती म्हणाली, आहेच, उठा आणि गॅस बंद करा. भाजीवाल्या कुसाबाईला समजावलं की तू लालबुंद टोमॅटो वर मांडतेस ही प्रतिमानिर्मिती आहे. तिला तो आरोप वाटला. तिने चारचौघांत मला टोपली उपसायला लावली, आणि खालचे टोमॅटो खरोखरच वरच्यासारखे निघाले.

आता मूळ मुद्दा. मालिनीने बी.ए.ची परीक्षा दिली आणि पुण्याच्या एका संस्थेचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला. व्हिडिओ चित्रण आणि संकलन, एक वर्षाचा कोर्स, वीस जूनपर्यंत पालकांच्या सहीनिशी पाठवायचा. मी म्हणालो, लग्नात दिवा धरून नवरीच्या मागे फिरायला डिप्लोमा कशाला लागतो? (हे मला तेव्हा फार खुसखुशीत वाटलं होतं.) मी फॉर्म माझ्या खणात ठेवला. पण आक्का, तुझ्यापासून काय लपवायचं, तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की शहाणा माणूस सही करतो, मी व्याख्यान ठरवलं. म्हटलं, तिच्या आवडीच्याच विषयावर बोलून दाखवतो. बापालाही यातलं कळतं हे तिला दिसेल, मग माझा नकारही तिला जाणकाराचा नकार वाटेल.

कॉलनीच्या वाचनालयात मेअखेर व्याख्यानं असतात. विषय दिला, ‘एका पाश्चात्त्य गीतपटाची चिन्हमीमांसा’. गीतपट म्हणजे गाण्याची चार मिनिटांची फिल्म. शेजारच्या डॉक्टरांच्या मुलाने अमेरिकेहून आणलेल्या कॅसेटमध्ये तो होता. बरीच जुनी, तिकडे गाजलेली चीज, असं तो म्हणाला. व्हिडिओवाल्या फकिराकडून मशीन आणून आमच्या टीव्हीला लावलं आणि आठवडाभर मी त्याची पारायणं केली. गाणारी एक गोरी पोरगी असते. ती कपडे धुण्याच्या दुकानात शिरते, ओळीने मांडलेली यंत्रं गरगरत असतात, आणि ती एकेका यंत्राचं दार उघडून आतले कपडे उपसते आणि फेकून देते. शेवटी एका यंत्रातून तिला स्वेटर मिळतो, तो छातीशी धरून ती नाचते. बस. पण हे सगळं कृष्णधवल, आमचा टीव्ही रंगीत असूनसुद्धा. शिवाय चित्र एका जागी थांबायचंच नाही. पोरीचे पाय वर निघून जायचे आणि खालून तिचं डोकं उगवायचं, मध्ये एक जाड काळी पट्टी.

मी बेहोश झालो. चौतीस पानं लिहिली. रंग नाकारणं म्हणजे बाजाराला नाकारणं. चित्राचं वर सरकत राहणं म्हणजे स्त्रीने चौकटीत राहायला दिलेला नकार. काळी पट्टी म्हणजे समाजाची दडपशाही (पट्टीला सहा पानं दिली होती). स्वेटरचं तर काही विचारूच नकोस, तो मी विझलेल्या आयुष्याची राख ठरवला. इंग्रजी शब्द मला कळत नव्हते, पण शब्द हा वरवरचा थर असतो असं पुण्याला सांगितलंच होतं.

मालिनीने मला तीनदा अडवलं, हे इथे लिहून ठेवतो. पहिल्यांदा म्हणाली, बाबा, हे चित्र असं नसणार, कुठेतरी बिघाड आहे. मी म्हणालो, बिघाड चित्रात नसतो, बघणाऱ्यात असतो. दुसऱ्यांदा म्हणाली, गाण्यात ती सारखी ‘लाल’ म्हणतेय, तो स्वेटर लाल आहे, मग रंग नाकारला कसा? मी म्हणालो, तू कानांनी बघतेस. तिसऱ्यांदा म्हणाली, निदान फकिराभाऊंना विचारा. यावर मी जे हसलो ते हसू मला आता रोज आंघोळीच्या वेळी ऐकू येतं.

३१ मे, रविवार. वाचनालयात साठ-सत्तर माणसं. आमचे प्राचार्य, डॉक्टर, बायकांच्या रांगेत कुसुम आणि मालिनी. टीव्ही आमचाच नेला होता, मशीनजवळ फकिरा तोच गीतपट पुन्हा पुन्हा लावत बसलेला. चित्र पळत होतं आणि मी बोलत होतो. तासभर बोललो. लोक माना डोलावत होते (चित्राबरोबर माना वर जात होत्या हे मला मागाहून उमगलं). मी काळ्या पट्टीपाशी येऊन क्षणभर थांबलो, तर मी पाणी प्यायला थांबलोय असं वाटून फकिरा शांतपणे उठला, टीव्हीच्या मागे हात घातला, एक बटण फिरवलं. चित्र जागच्या जागी उभं राहिलं. पट्टी गेली. माझी सहा पानं गेली. वर तो अगदी अदबीने म्हणाला, “सर, अमेरिकेची कॅसेट हाय. आपल्या टीव्हीवर तिचा रंग उमटत नाय अन् चित्र पळतं. लय वेळ सांगीन म्हणत होतो, पण तुम्ही थांबतच नव्हते.”

सभागृह हसलं, आक्का. वाईट हसलं नाही, मोकळं हसलं. मी त्यांच्यात मिसळून हसलो असतो तर चहा पिऊन घरी आलो असतो. पण प्राचार्य हसत होते, माझे कान तापले, आणि मी माइकमध्ये म्हणालो, “कॅसेटची जबाबदारी माझ्या मुलीवर होती. तिने नीट तपासून घेतली नाही.”

मालिनीने माझ्याकडे पाहिलं. ती उठून गेली नाही, रडली नाही. आभारप्रदर्शन संपेपर्यंत बसून राहिली, आणि सकाळच्या पहिल्या गाडीने तुझ्याकडे आली. त्या नजरेबद्दल मला एकही सिद्धान्त सुचलेला नाही. मला तिची लाज वाटायला हवी होती की माझी, एवढं कळायला पुण्याला जावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फकिराच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे दुबईहून आलेला टीव्ही आहे, त्यावर म्हणे सगळं चालतं. त्याने तोच गीतपट लावला. आक्का, काय रंग ते! प्रत्येक यंत्रात वेगळा रंग. निळे कपडे, पिवळे, हिरवे, आणि ती पोरगी सगळे भिरकावून देतेय, कारण तिला तिचा लाल स्वेटर हवाय. तो सापडतो आणि ती आनंदाने नाचते. राख नाही, दडपशाही नाही, काही नाही. फकिराने बटण दाबून एकेक चित्र थांबवून दाखवलं, तोडलंय कुठे आणि जोडलंय कुठे. म्हणाला, “मालूताईला हे सारं दिसतं. चार-पाचदा इथं बसून गेलीय ती. तुम्हाला नाय बोलली?” बोलली नव्हती. मी बोलू दिलं असतं तर बोलली असती. त्या दुकानात स्टुलावर बसून मला रडू आलं. फकिराने आवाज थोडा वाढवला, बहुधा गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून. भला माणूस आहे.

असो. पत्र लांबलं. दाजींना नमस्कार. गुडघ्यांना शेक दे, ओलं वारं लावून घेऊ नकोस.

तुझा धाकटा,
गंगाधर

ता. क. : वाचनालयाच्या फळ्यावर मी स्वहस्ते लावलं आहे, ‘३१ मेच्या व्याख्यानातील कॅसेट वक्त्यानेच निवडली होती. वक्त्याच्या कन्येने त्याला तीनदा सावध केले होते.’ व्याख्यानाला आले त्यापेक्षा जास्त लोक फळा वाचायला येतात. प्राचार्यांनीही वाचलं. मालिनीला हे सहज बोलता बोलता सांग, मी मुद्दाम कळवलं असं वाटू देऊ नकोस.

ता. क. २ : फॉर्म पाकिटात आहे. सही केली आहे. ‘पालकांचे मत’ या रकान्यासाठी मी अडीच पानं जोडली होती, ती कुसुमने काढून घेतली आणि ‘हरकत नाही’ एवढंच लिहायला लावलं. वीस तारीख जवळ आली आहे. तिला हवा असेल तर तिथूनच पोस्टात टाकू दे, त्यासाठी घरी यायलाच हवं असं काही नाही. हे पत्र तू वाचून झाल्यावर तिच्या नजरेस पडेल असं कुठेतरी ठेवलंस तर माझी हरकत नाही.

वन्सं, नमस्कार. मी कुसुम. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. बाकी सगळं खरं आहे, फक्त ‘माझं तिच्यावाचून काही अडलेलं नाही’ हे खोटं आहे. मालू गेल्यापासून हे रोज संध्याकाळी भाजी आणतो म्हणून पिशवी घेऊन निघतात आणि रिकामी पिशवी घेऊन येतात. आम्ही आठ दिवस पिठलं खातोय. विचारलं तर भाजी चांगली नव्हती म्हणतात. काल शेजारच्या सावळीराम भाऊजींनी यांना सीबीएसच्या एसटी स्टँडवर पाहिलं. पिंपळगावहून आलेली गाडी पूर्ण रिकामी झाली तरी हे दारापाशी उभेच. कंडक्टरने विचारलं, “सर, रोज येता, जायचंय तरी कुठं?”

हे म्हणाले, “जायचं नाही. मुलगी यायची आहे.”