रेवाच्या दाढेचा मंगळवार

४ नोव्हेंबर २०१९, सोमवार
व्हीआरचा चष्मा एकदाचा आला. डोळ्यांवर बांधला की दवाखाना नाहीसा — समुद्र, मासे. कानांत संगीत, ड्रिलचा आवाज दबतो. दातांच्या डॉक्टर कमलिनी मॅडम म्हणाल्या, "आता तुला पोरांचे हातपाय धरावे लागणार नाहीत."
सहा वर्षं तेच करतोय. टाउनशिपच्या भाजीबाजारात मुलं मला पाहून आईमागे लपतात.

५ नोव्हेंबर
चष्मा चारदा पुसला. पट्टा मोठ्यांच्या मापाचा. मागे गॉजची घडी लावली, आता बसतो. नाकापाशी मात्र फट राहतेच — खाली पाहिलं की आपले हात दिसतात.

७ नोव्हेंबर
विजयाताई रेवाला घेऊन आली. गाल सुजलाय, पुन्हा दाढ. मॅडमनी गोळ्या दिल्या. सूज उतरली की मंगळवारी काढायची. बसलीच नाही तर मोठ्या इस्पितळात, पूर्ण भूल देऊन. ताईचा चेहराच उतरला. सात वर्षांची पोर!
रेवा दारातूनच म्हणाली, "मामा नको. मामा झूठ बोलता है."
बोललो होतो. मार्चमध्ये सांगितलं, नुसतं बघणार आहेत. मग मॅडमनी खूण केली आणि मी तिचे दोन्ही हात दाबून धरले. तेव्हापासून जवळ येत नाही. भाऊबीजेला माझ्या हातचा लाडूसुद्धा घेतला नाही.

८ नोव्हेंबर
ताईकडे जेवायला. शांताराम भाऊजी — "काय पहिलवान, या वेळी कोणता डाव?" सगळे हसले. मीही हसलो.

११ नोव्हेंबर
ठरलं. उद्या हात धरायला सुमन सिस्टर. मी आतल्या खोलीत, रेवाला दिसायचंच नाही. चार्जिंग तीनदा पाहिलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दाढ निघाली!
चष्मा चढला तेव्हा मी आतच होतो, ताई बाहेर बाकावर. "कछुआ! कछुआ!" चाललं होतं तिचं. आणि नेमकं सिस्टरला वॉर्डातून बोलावणं. मॅडमच्या हातात इंजेक्शन तयार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गेलो. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तिच्या पंजाखाली माझा हात ठेवला — धरला नाही, नुसता ठेवला. तिनेच धरला. दाढ निघेपर्यंत सोडला नाही.
चष्मा उतरायच्या आत मी परत खोलीत.
म्हणजे पुन्हा फसवलंच. सिस्टरचा समजून धरला असणार. ताईला सांगायचं धैर्य झालं नाही. फार थकलोय.

१३ नोव्हेंबर
ताईचा फोन. तिने रेवाला विचारलं, घाबरली होतीस का गं? म्हणाली, "मी नाही. मामा घाबरला होता. उसका हाथ काँप रहा था, म्हणून मी पकडून ठेवला."