एका लेकरासाठी बाटली फोडत नाहीत

गुरुवार, दिवाळी नुकतीच सरली. दिवेलागण.

डोक्यात सकाळपासून तीच लसीची बाटली.

सकाळी तांड्यावर लस द्यायला नर्सबाई आल्या. माझी सून सविता लेकरू घेऊन गोवराच्या सुईला गेली, मी संगं. बाकीच्या बाया बाळापूरच्या बाजारात. उद्या ऊसतोडीला निघायचं, मीठमिरची नको? त्यांच्याही लेकरांच्या सुया राहिल्याच. नेमका बाजाराचाच दिवस काहून धरतात ही माणसं!

बाई म्हणाल्या, "आज्जी, एका बाटलीत बऱ्याच लेकरांची लस असते. एकासाठी फोडली की उरलेली फेकावी लागते, अन् साहेब मलाच झापतात. पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात आमी कारखान्यावर, बाई," सविता म्हणाली. "लेकरू काय पार्सल करून पाठवू?"

बाई हसल्या अन् डबा उचलून चालत्या झाल्या.

शी! औषध वाया जाऊ नये, लेकरू गेलं तरी चालेल? गोवर म्हणजे काय, ते मी माझ्या पोटच्या पोरीत पाहिलंय. ती राहिली नाही. अन् यांना बाटलीची काळजी. किळस येते नुसती.

मग उद्या आमचा ट्रक नेणाऱ्या मुकादमाला गाठून सुईचं सांगितलं. तो म्हणाला, "आज्जी, डिझेलला बाळापुरात थांबायचंच हाये. दवाखान्यापाशी लावतो ट्रक."

भला माणूस. पण तिथंही बाटली आडवी आली तर?

आत्ताच सविताला बजावलं, एकटी उतरू नको. ट्रकातली सगळी लेकरं घेऊन उतर, दवाखान्यातल्या बायांपुढं उभी कर अन् म्हण, आता फोडा.